नवीन दाखल

महिन्याच्या एक तारखेला फळा मी लिहिते.
ओल्या फडक्याने मागचा महिना पुसते.
खालच्या कोपऱ्यातला एक 'ळ' मात्र जात नाही,
चार वर्षं झाली,
कुठल्या शब्दाचं शेपूट होतं तेही आठवत नाही आता.

नवीन दाखल:
मोठ्या टायपातली पुस्तकं, बावीस.
भिंगाचा दिवा, एक. घरी मिळणार नाही.
बियांचं कपाट. मेथी, लाल माठ, वाल.
न्या, लावा, उगवलं तर मूठभर परत आणा,
नाही उगवलं तर दंड नाही.
दर बुधवारी पाच ते सात अर्ज भरून मिळतील,
रेशन, पेन्शन, शाळेचा दाखला.
(भरणारी मीच. पेन स्वतःचं आणावं.)
आणि बोलकी पुस्तकं, हेडफोनसकट.

नवाब टँकच्या पुलाकडून कासम दळवी येतात,
सात पायऱ्या दर वेळी नव्याने मोजत.
फळ्यासमोर उभे राहतात, पूर्वीसारखेच,
चष्मा कपाळावर चढवतात, पूर्वीसारखाच,
आणि विचारतात, "काय लिवलंय?"

गोदीत सदतीस वर्षं काढलेला माणूस.
क्रेनखाली उभं राहून
वरच्याला ऐकू जाईल असं ओरडायचं:
हबेस म्हणजे उचल, आर्या म्हणजे सोड.
त्यांनी "काय लिवलंय" विचारलं की
वाचनकक्षातली सगळी वर्तमानपत्रं
एकदम खाली येतात.

बोलकी पुस्तकं विकत आली ती अकरा.
बाकीची आपणच बोलायची, समिती म्हणाली.
बांधीव अंकांच्या खोलीत सहा गाद्या भिंतीला टेकवल्या,
कॉलेजच्या मुली दोन रविवार आल्या,
मग त्यांच्या परीक्षा आल्या.
म्हणून एका दुपारी मीच बसले, अर्धा तास वाचलं,
मागे नेऊन ऐकलं,
तर पंखा ऐकू येत होता.
एकतीस वर्षं लोकांना 'हळू' म्हणता म्हणता
माझंच बटण कुणी फिरवून ठेवलं होतं.

आता आम्ही दोघं बसतो.
मी ओळ कुजबुजते, ते ती उचलतात. हबेस.
पुस्तक मासळीवरचं, सरकारी, जाडजूड,
मागच्या खिशातल्या कार्डावर एकही तारीख नाही.
पान एक्केचाळीसवर सुरमईचा हंगाम आला
आणि ते थांबले.
"खोटं हाय. असं कोन म्हनतो?"
आणि खरं काय ते सांगत राहिले,
वारा, जाळं, गोदीच्या तोंडाशी लागणाऱ्या होड्या,
चौदा मिनिटं.
मी यंत्र बंद करायला हवं होतं.
वाचकांनी पुस्तकात काही लिहू नये, असा नियम आहे.
बोलू नये, असा नाही. तपासून पाहिलं.

ते पुस्तक पहिल्यांदा नेलं हर्षाली नाखव्याने,
आईसाठी. आई भाऊच्या धक्क्यावर विकायला बसते,
अक्षराच्या वाटेला कधी गेली नाही.
आठ दिवसांनी हेडफोन परत आला,
त्याला कोलीमचा वास,
आणि सोबत निरोप:
त्या बोलणाऱ्याला सांगा, सुरमईचं त्याचं बरोबर,
पण घोळीच्या भोताबद्दल त्याला काडीचं कळत नाही.

मला वाटलं, रागावतील.
दळवींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली,
बराच वेळ गप्प राहिले,
मग म्हणाले, "बोलाव तिला."

आज पुन्हा एक तारीख.
दाखल क्रमांक, लेखक या रकान्यात काय भरायचं
ते अजून ठरवलेलं नाही.
फळा पुसला. खडू ओला झाला, एक तुटला.
शनिवारी दुपारी चार, बांधीव अंकांची खोली,
प्रवेश सर्वांना.
विषय लिहायला जागा उरली ती अगदी खाली,
गुडघ्यावर बसावं लागलं.
त्या कोपऱ्यातल्या 'ळ'च्या आधी
फक्त 'घो' लिहिलं.
जरा वाकडं आलंय. वाचता येतं.